आसनाखालच्या तारा : मोटारीच्या विद्युत-आसनाचा बिघाड शोधण्याची कला कशी घडली?

1955 च्या मॉडेलची फोर्ड थंडरबर्ड ही दोन आसनांची देखणी मोटार. तिचे आसन विजेवर मागे-पुढे आणि वर-खाली सरकत असे. जाहिरातीच्या चित्रांत हे सारे फार सुखाचे दिसते. मात्र उंच माणसाने मागे सरकवलेले आसन तिथेच अडकले, तर ठेंगण्या चालकाचा पाय ब्रेकपर्यंत पोहोचत नाही आणि इंजिन ठणठणीत असूनही गाडी जागची हलत नाही. चैनीची म्हणून आलेली वस्तू बंद पडताच गरजेची ठरते. तिचा दोष नेमका कुठे आहे हे शोधण्याच्या विद्येचा हा इतिहास.

आरंभी हे काम पूर्णपणे विजेचे नव्हतेच. 1940 च्या दशकात जनरल मोटर्सच्या महागड्या गाड्यांत ‘हायड्रो-लेक्ट्रिक’ नावाची यंत्रणा असे. विजेची मोटर पंप चालवी, पंप द्रवाला दाब देई आणि त्या दाबावर काचा, छत व पुढचे आसन हलत असे. द्रव म्हणून वापरले जाई ते ब्रेक ऑइल. नळी गळू लागली की गालिचा भिजे, रंग उडे. बिघाड शोधायला उपकरण लागत नसे. डाग कुठवर पसरला आहे ते पाहिले की झाले. 1950 च्या दशकात आसने निव्वळ विजेवर आली. डाग गेले, आणि दोष अदृश्य झाला.

त्या काळातील अनेक अमेरिकी आसनांखाली मोटर एकच असे. ती लवचीक केबलींद्वारे स्क्रू फिरवी, आणि कोणती केबल जोडायची हे सोलेनॉइड ठरवी. त्यामुळे जुन्या कारागिरांची पहिली तपासणी कानाने होई. सोलेनॉइडचा ‘टक्’ आवाज आला, मोटर फिरल्याचे ऐकू आले, तरी आसन ढिम्म. म्हणजे वीज निर्दोष, दोष केबलीत किंवा गिअरात. आवाजच नाही, तर हेडलाइट लावून बटण दाबायचे. दिवे मंदावले तर प्रवाह मोटरपर्यंत पोहोचतो आहे, पण ती अडकली आहे. दिवे जराही हलले नाहीत तर वाट मध्येच कुठेतरी तुटली आहे. एक पैसाही खर्च न करता अर्धे निदान होई. ही युक्ती साध्या आसनांवर आजही चालते.

मग हातात आला टेस्ट लॅम्प : एक बल्ब, एक टोकदार सळई, एक चिमटा. बल्ब पेटला की वीज आहे, असा सरळ हिशोब. या सरळपणानेच पिढ्यान्‌पिढ्या मेकॅनिकांना फसवले आहे. जॉर्ज ओम या जर्मन शिक्षकाने 1827 मध्ये मांडलेला नियम इथे उपयोगी पडतो. समजा, गंजलेल्या जोडात अर्धा ओहम रोध आहे. बल्ब जेमतेम पाव अँपिअर ओढतो. त्या जोडात जेमतेम अष्टमांश व्होल्ट खर्च होतो आणि बल्ब झळाळतो. त्याच जोडातून मोटरने दहा अँपिअर मागितले की पाच व्होल्ट तिथेच जळतात. बाराऐवजी सात व्होल्टांवर आसन कण्हते, हलत नाही. ‘वीज तर येते आहे, मोटरच गेली’ असा निकाल लागतो. नवी मोटर बसते, आणि नवीही कण्हते.

1955 च्या थंडरबर्डची यंत्रणा तर सहा व्होल्टची होती. तेवढ्याच शक्तीसाठी दुप्पट प्रवाह, म्हणून खराब जोडाचा उपद्रवही कितीतरी अधिक. 1956 मध्ये फोर्डच्या गाड्या बारा व्होल्टवर गेल्या.

यावर उतारा एकच : काम चालू असताना मोजणे. म्हणजे बटण दाबलेले ठेवून, जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटरची टोके लावून, मध्ये किती व्होल्ट हरवतात ते पाहणे. व्होल्ट, अँपिअर आणि ओहम एकाच पेटीत मोजणारा ‘अ‍ॅव्होमीटर’ ब्रिटिश पोस्ट खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकेडी याने 1923 च्या सुमारास घडवला होता. म्हणजे साधन आसनांच्या आधीचे आहे. पद्धत मात्र गॅरेजांत सावकाश मुरली. आपल्याकडच्या गॅरेजांत ‘अर्थ मिळत नाही’ हे वाक्य अनेकदा ऐकू येते, आणि ते बहुधा खरे असते. आसनाखाली धूळ, सांडलेला चहा आणि पावसाळ्यातली ओल जमते. तिथलाच अर्थचा जोड आधी गंजतो.

पुढे कायमचुंबकी मोटरी आल्या आणि जुने अंदाज कोलमडले. अशी मोटर उलटी फिरवायची तर तिच्या दोन तारांची धन-ऋण बाजू बदलायची. ते काम स्विच करतो. बटण सोडले की दोन्ही तारा अर्थला जोडलेल्या राहतात. नवशिका टेस्ट लॅम्प लावतो, एकाही तारेत वीज सापडत नाही आणि तो फ्यूज शोधू लागतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत फ्यूजऐवजी आपोआप जोडला जाणारा द्विधातू सर्किट ब्रेकर असे. आसन अडले की तो तापून तुटतो, निवला की पुन्हा जुळतो. त्यामुळे ‘कधी चालते, कधी नाही’ ही तक्रार जन्माला आली. मेकॅनिकाला सर्वांत नकोशी असते ती हीच.

आसनाला स्मरणशक्तीही लवकर आली. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहममध्ये ठरलेल्या जागी परत येणारे आसन होते. पुढे मोटरचे फेरे मोजणारे संवेदक आले. अशा काही गाड्यांत बॅटरी काढली की मोजणी हरवते आणि आसन अर्ध्यावर थांबते. दोष नसतानाही दोष वाटतो.

1990 च्या दशकात आसनाखालची जागा धोकादायक झाली. व्होल्वोने 850 मध्ये आसनाच्या बाजूतून उघडणारी एअरबॅग दिली. इतरांनी तेच केले. तिच्या जोडण्या बहुधा पिवळ्या असतात. तिथे टेस्ट लॅम्प टोचला, तर बल्बापुरता प्रवाहसुद्धा एअरबॅग फोडू शकतो. म्हणून बॅटरी सोडवून, उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून मगच हात घालायचा असतो.

याच सुमारास तारांची जागा संदेशांनी घेतली. बॉशने 1986 मध्ये डेट्रॉइटला जाहीर केलेल्या ‘कॅन’ जाळ्यामुळे बटण आता मोटरला वीज देत नाही, नियंत्रकाकडे विनंती पाठवते. नियंत्रक बिघाडाचा संकेतांक जपून ठेवतो. पण तो वाचणार कोण? 1996 पासून अमेरिकेत सक्तीची झालेली ओबीडी-2 व्यवस्था धुराच्या नियमांसाठी होती. आसनाचे संकेतांक तिच्या सक्तीत येत नाहीत. ते ज्या त्या उत्पादकाच्या भाषेत राहिले. स्वस्त स्कॅनर इंजिनाविषयी बोलतो आणि आसनाविषयी बहुधा गप्प बसतो.

मेकॅनिकाच्या पोटाशी भिडणारा प्रश्न हा होता. मॅसॅच्युसेट्समध्ये 2012 साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा झाला. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी चौदा मोटार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळू न देणे, हा त्यातील मुख्य ठपका होता. निकालाविरुद्ध कंपन्या वरच्या दारी गेल्या आणि वाद पुढे चालू राहिला.

स्कॅनर मिळाला तरी तो ‘प्रवाह नाही’ एवढेच सांगतो. का नाही, ते सांगत नाही. मग आसन शक्य तितके पुढे आणि मागे सरकवावे लागते, विजेरी घेऊन रुळांखाली वाकावे लागते, आणि हजारो वेळा मागे-पुढे होऊन कवच सोललेली तार बोटांनी चाचपावी लागते.