यात्रेच्या गाडीत आपल्या शेजारी कोण बसलंय?

थंडी पडली की आपल्या मुंबई-गोवा महामार्गावर यात्रेच्या गाड्या वाढतात. वडखळ नाक्यावर चहाला थांबलेल्या ट्रॅव्हलरच्या काचेवर कधी ‘अष्टविनायक दर्शन’, कधी ‘प्राचीन मंदिर यात्रा’, तर अलीकडे ‘आध्यात्मिक शिबीर’ असंही लिहिलेलं दिसतं. वाकण फाट्याला काही गाड्या पालीकडे वळतात, काही पुढे हरिहरेश्वर, दिवेआगरला जातात. निवडणूक जवळ आली की फुकट देवदर्शनाच्या बसही निघतात, ते वेगळं सांगायला नको.

या गाड्यांबद्दल माझी तक्रार नाही. हॉटेलवाला, हारवाला, रिक्षावाला, सगळ्यांची चूल त्यावर पेटते. पण पेण-रोह्याच्या पट्ट्यात राहणारा माणूस म्हणून एक गोष्ट मांडावीशी वाटते. मिळून देवाला जायची रीत आपल्या जिल्ह्यात फार जुनी आहे. आणि तिचा इतिहास नीट वाचला तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : देवळं किती झाली हा नव्हे, सोबत कोण होतं हा.

पालीचीच कथा घ्या ना. बल्लाळेश्वराच्या दर्शनाला लाखो लोक येतात, पण ही गोष्ट मुळात एका टोळक्याची आहे हे किती जणांच्या लक्षात येतं? गणेश पुराणातली ही कथा. कल्याण शेठचा मुलगा बल्लाळ गावातली पोरं जमवून रानात जायचा. एक दगड देव म्हणून मांडायचा आणि सगळे मिळून पूजेत रमायचे. ना तहान, ना भूक, ना घरी परतायची आठवण. पोरांचे आईबाप चिडले आणि कल्याण शेठकडे तक्रार घेऊन गेले, की तुमचा मुलगा आमची पोरं बिघडवतोय. शेठने जाऊन पूजा उधळली, दगड फेकून दिला, बल्लाळला मारलं आणि झाडाला बांधून ठेवलं. पुढे गणपती प्रसन्न झाला आणि देवाने नाव घेतलं ते त्या पोराचं. बापाने फेकलेला तो दगड म्हणजे धुंडीविनायक, आणि आजही पालीत आधी त्याचं दर्शन घ्यायचं, मग बल्लाळेश्वराचं. कथा श्रद्धेची आहे, इतिहासाची नव्हे. पण सोबतीवरून भांडण होणं किती जुनं आहे, ते तिच्यात दिसतं.

आता इतिहासाकडे येऊ. रोह्याच्या दक्षिणेला, तळा तालुक्यात, मांदाडच्या खाडीवर कुड्याची लेणी आहेत. एकूण २६ बौद्ध लेणी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातली. पावसाळ्यात भिक्षूंनी भटकंती थांबवून एका जागी मिळून राहायचं, त्याला वर्षावास म्हणत. आजच्या भाषेत शिबीरच म्हणा. कोकणातल्या पावसात त्या दगडी खोल्यांचं मोल काय असेल, ते आपल्याला कुणी सांगायची गरज नाही.

तिथले ब्राह्मी शिलालेख म्हणजे अक्षरशः देणगीदारांची यादी आहे. मांदाड भागात सत्ता असलेल्या महाभोजांच्या घराण्याचं नाव त्यात आहे, तसंच त्यांच्या लेखनिकाचंही. हार-फुलांचा धंदा करणारा माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. भिक्षुणी आहेत. आणि एका ब्राह्मण उपासकाची बायको आहे, भायिला नावाची. राजघराणं आणि माळी एकाच डोंगरावर, स्वतःच्या नावानिशी! त्या काळी सगळे समान होते असा दावा मी करत नाही. पण यादी कशी असू शकते त्याचा हा दगडात कोरलेला नमुना आपल्याच शेजारी आहे, आणि यात्रेच्या गाड्या तिकडे फारशा वळत नाहीत.

त्यानंतर मध्ये शेकडो वर्षं अशी गेली की देवळाच्या दाराशीच माणसांची वाटणी झाली. त्याचा सर्वांत मोठा पुरावाही आपल्याच, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात आहे. २० मार्च १९२७, महाड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले. लक्षात घ्या, ते तळ्यावर गेले होते, देवळात नाही. पण थोड्याच वेळात गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तेवढ्यावर जमाव लाठ्या घेऊन परिषदेच्या मांडवावर आला आणि जेवणाऱ्या माणसांना मारहाण झाली. देवळात कुणी पाऊल टाकलंच नव्हतं. नुसत्या शंकेने ही वेळ आणली.

याच जिल्ह्याने पुढे दोन माणसं दिली, एक पेणने, एक रोह्याने. दोघांनीही गटाने फिरणं हीच साधना मानली.

पहिले विनोबा. ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावी जन्म. १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्लीपासून त्यांनी भूदानाची पदयात्रा सुरू केली. देश पायाखाली घालताना वाटेत मोठमोठी देवळं लागत. १९५३ साली देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात ते हरिजन सोबत्यांना घेऊन गेले, तेव्हा पंड्यांनी त्यांच्या गटाला मारहाण केली. विनोबांच्या कानावर फटका बसला. मारणाऱ्यांना शिक्षा व्हावी अशी मात्र त्यांची इच्छा नव्हती. १९५५ साली जगन्नाथपुरीला त्यांच्याबरोबर एक फ्रेंच बाई होत्या. त्यांना आत घेणार नाही म्हटल्यावर विनोबाही दारातून माघारी फिरले. आयुष्यभर गीता सांगणारा माणूस जगन्नाथाच्या उंबरठ्यावरून परत आला, कारण सोबतचं एक माणूस बाहेर राहत होतं!

मग पंढरपूर. तिथे विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण केलं होतं आणि दार उघडलं होतं. १९५८ च्या मे महिन्यात विनोबा पंढरपूरला गेले, तेव्हा मंदिराच्या लोकांनी त्यांना सोबत्यांसह बोलावलं. इतर धर्मांची माणसं बरोबर घेऊन ते विठ्ठलासमोर उभे राहिले. पुरीहून रिकामं परतण्याची किंमत मोजलेल्या माणसालाच त्या दिवसाचं मोल कळलं असेल.

दुसरे पांडुरंगशास्त्री आठवले. १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यात जन्म. त्यांच्या स्वाध्याय परिवारातली भक्तिफेरी अनेकांच्या घरात माहीत आहे. चार-दोन माणसांचा गट स्वखर्चाने एखाद्या गावात जातो, जेवणाचं स्वतःचं घेऊन जातो, यजमानावर भार टाकत नाही, देणगी मागत नाही. घरोघरी जाऊन बोलतो आणि परततो. बघा, इथे यात्रेचं टोकच बदललं. देऊळ बघायला जायचं नाही, माणसाला भेटायला जायचं. कोळी बांधवांसाठी ‘मत्स्यगंधा’ होड्या आल्या, गावांत झाडांच्या सावलीत अमृतालयम् उभी राहिली, जिथे पूजेचा मान एका घराण्याकडे राहत नाही. १९९६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९७ साली टेम्पलटन.

स्वाध्यायाने संघर्षाचा रस्ता घेतला नाही, म्हणून त्यावर टीकाही झाली. महाडचा मार्ग वेगळा, रोह्याचा वेगळा. माझ्या मते महाडशिवाय दार हललं नसतं. हक्क मागावाच लागतो, तो कुणी ताटात वाढून देत नाही. पण कायद्याने दार उघडल्यावर एका बाकावर शेजारी बसायचं काम उरतंच, आणि ते काम कोर्ट करू शकत नाही.

आपल्या रोह्याच्या धावीर महाराजांचं बघा. दसऱ्यानंतर पालखी निघते, पोलीस मानवंदना देतात आणि ग्रामदैवत गावभर फिरतं. देव स्वतः देवळाबाहेर पडतो, लोकांच्या दारात येतो. त्याला जे जमतं ते आपल्या यात्रेच्या यादीला का जमू नये?

कारण आजच्या याद्या कशा बनतात ते आपण सगळे जाणतो. सोसायटीचा ग्रुप, नातेवाईकांचा ग्रुप, समाजाचा ग्रुप. कुणाला मुद्दाम नाही म्हणत नाही कुणी. फक्त विचारायचं राहून जातं. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी, सोसायटीचा वॉचमन, डोंगरालगतच्या कातकरी वाडीतलं एखादं कुटुंब. पालीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या वाड्या आहेत. त्यांतल्या किती जणांना आपण म्हटलं, ‘गाडी चाललीय, चला’? १९२७ साली लाठी होती, आज नुसतं विसरणं आहे. बाहेर राहणाऱ्याला दोन्हीकडून दिसतं ते एकच.

तेव्हा या हंगामात गाडी ठरवणाऱ्यांना दोन विनंत्या. एक, मार्गात गागोदे आणि कुड्याची लेणी घ्या. लांब नाहीत, गर्दी नाही, मुलांना सांगण्यासारखं खूप आहे. दुसरी, सतरा सीटची गाडी असेल तर पंधराच भरा. उरलेल्या दोन सीटसाठी अशा माणसाला विचारा ज्याला आजवर कुणी विचारलेलं नाही. पैसे मागू नका, उपकार म्हणून सांगू नका, फोटो टाकू नका. शेजारी बसा आणि डब्यातली चटणी-भाकरी वाटून खा.

पाली तिथेच आहे, पुढच्या वर्षीही असेल. विचारायचं काम मात्र गाडी सुटायच्या आधी करावं लागतं.