अभिज्ञातक मंडले : महाराष्ट्रातील वाटचाल

रेडिओ तरंगावर आरूढ केलेला ध्वनी, चित्र किंवा अन्य संदेश त्या तरंगापासून पुन्हा विलग करणाऱ्या विद्युत् मंडलास अभिज्ञातक अथवा डिमॉड्युलेटर म्हणतात. प्रेषण केंद्रात वाहक तरंगाचा परमप्रसर (तरंगाची कमाल उंची) किंवा कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) संदेशानुसार बदलली जाते. या क्रियेस विरूपण म्हणतात. अभिज्ञातकाचे कार्य नेमके याच्या उलट असते. नभोवाणीचा इतिहास लिहिताना सामान्यतः प्रेषकांची शक्ती व केंद्रांच्या स्थापनेची वर्षे नोंदली जातात. कार्यक्रम श्रोत्याच्या कानी पडला की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी ग्राहीतील या लहानशा मंडलावर अवलंबून होते. मुंबई व मराठवाडा यांच्या नभोवाणीविषयक अनुभवातील तफावत समजून घेण्यासही तेथूनच प्रारंभ करावा लागतो.

स्फटिकाचा अभिज्ञातक म्हणून उपयोग करण्याच्या कल्पनेत भारताचा वाटा मोठा आहे. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना (शिशाचे सल्फाइड) या खनिजाच्या अभिज्ञातकासाठी १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज केला व १९०४ मध्ये त्यांना एकस्व मिळाले. पश्चिम भारतात ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया व डाक-तार खाते यांनी मुंबईहून प्रक्षेपित केलेले संगीत गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी पुण्यात ऐकले. १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबचे कार्यक्रम सुरू झाले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्‌घाटन झाले.

या काळात हौशी माणसास घरी बांधता येण्याजोगा ग्राही म्हणजे स्फटिक संच. पुठ्ठ्याच्या नळीवर वेष्टित तांब्याच्या तारेचे वेटोळे, मेलनासाठी धारित्र, गॅलिनाचा खडा व त्यावर हलकेच टेकविलेले बारीक तारेचे टोक, एक कर्णश्रवणी, उंच आकाशक आणि जमिनीत पुरलेली तार, एवढ्यावर काम भागे. खड्यावरील संवेदनशील बिंदू हाताने शोधावा लागे. दार आपटले तरी तो हरवत असे. स्फटिकातून प्रवाह मुख्यत्वे एकाच दिशेने वाहतो. त्यामुळे तरंगाचा अर्धा भाग छाटला जातो, उच्च कंप्रतेचे शेष धारित्रातून निघून जातात आणि उरलेला संथ चढउतार ध्वनिरूपाने ऐकू येतो.

या संचास विद्युत् घट लागत नसे. हाच त्याचा गुण व हीच त्याची मर्यादा होती, कारण कानी पडणारी सर्व ऊर्जा आकाशकातूनच मिळावी लागे. शिवाय क्षीण संकेताच्या बाबतीत स्फटिकाचे प्रदान आदानाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आदान निम्मे झाले की प्रदान चौथाई होते. म्हणून अंतराबरोबर आवाज मंदावत जातो असे नव्हे, तर तो लवकरच नाहीसा होतो. मुंबईच्या १.५ किलोवॉट प्रेषकाचा परिणामकारक पल्ला सु. ४८ किमी. होता. कन्नड तालुक्यातील पिशोर हे गाव मुंबईपासून सरळ रेषेत सु. ३०० किमी. दूर आहे. तेथे गॅलिनाचा कितीही उत्तम खडा बसविला असता तरी मुंबई ऐकू येण्याची आशा नव्हती. १९२७ अखेर साऱ्या देशात केवळ ३,५९४ परवाने होते व कंपनी १९३० मध्ये बुडाली. दहा रुपयांचे वार्षिक परवाना शुल्क व लोकांची उदासीनता ही कारणे नेहमी दिली जातात. स्वस्त अभिज्ञातकाच्या पल्ल्याचा त्यांत क्वचितच विचार होतो.

निर्वात नलिकांनी ही सीमा ओलांडली. फ्लेमिंग यांची द्विप्रस्थ नलिका (१९०४) केवळ अभिज्ञान करी. त्रिप्रस्थ नलिका त्याबरोबर विवर्धनही करू शके. तिच्यात प्रदानाचा अंश आदानाकडे परत दिल्यास (पुनःप्रदाय) एकच नलिका दूरचे केंद्र पकडी. तथापि पुनःप्रदाय अधिक झाल्यास ग्राहीच प्रेषक बनून शेजाऱ्यांच्या संचांत शिट्ट्या उमटवी. पुढे सुपरहेटरोडाइन ग्राही रूढ झाला व अभिज्ञातकास ४५५ किलोहर्ट्‌झ या आसपासच्या ठरावीक मध्यम कंप्रतेवर काम करावे लागू लागले. येथे बांधणीतील खरे कौशल्य रोधक व धारित्र यांच्या निवडीत असते. वाहकाचा आवर्तकाल सु. २.२ मायक्रोसेकंद, तर ५ किलोहर्ट्‌झ ध्वनीचा २०० मायक्रोसेकंद असतो. १०० किलोओहम व २०० पिकोफॅराड यांचा कालांक २० मायक्रोसेकंद येतो व तो या दोहोंमध्ये नीट बसतो. धारित्र फार मोठे घेतल्यास ते ध्वनीचा जलद उतार अनुसरू शकत नाही आणि आवाज विपर्यस्त होतो. फार लहान घेतल्यास वाहकाचे अवशेष पुढे जातात.

असा संच महाग पडे व विजेविना गावात त्यास शुष्क घटमाला लागे. निजामाच्या राज्यात हैदराबादखेरीज औरंगाबाद येथेही केंद्र होते. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाने शरणागतीनंतरचे निवेदन रेडिओवरूनच केले. परंतु खेड्यांतील फारच थोड्यांना ते स्वतःच्या संचावर ऐकता आले असेल. १९५० मध्ये ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीकडे आली. १९५६ च्या पूर्वार्धात पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सु. १५० गावांत शेतकरी श्रवण मंडळांचा प्रसिद्ध प्रयोग केला. तो मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांपुरता होता. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात असल्याने त्याबाहेर राहिला. खाजगी श्रोता खऱ्या अर्थाने वाढला तो ट्रँझिस्टरमुळे. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९६२ मध्ये जर्मेनियम अर्धसंवाहक साधनांचे उत्पादन सुरू केले. जर्मेनियम द्विप्रस्थ सु. ०.२ ते ०.३ व्होल्टलाच संवाहक होतो, सिलिकॉनास सु. ०.६ व्होल्ट लागतात. त्यामुळे अभिज्ञातकाच्या जागी जर्मेनियम दीर्घकाळ टिकून राहिले.

कंप्रता विरूपणाचा अभिज्ञातक महाराष्ट्रातील घरांत रेडिओमार्फत नव्हे, तर दूरचित्रवाणीमार्फत शिरला, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच्या ग्राहीत चित्रासाठी परमप्रसराचा व ध्वनीसाठी कंप्रतेचा असे दोन अभिज्ञातक असत. त्याआधी १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे उपग्रह भूकेंद्र उभे राहिले होते. उपग्रह दूरचित्रवाणीच्या १९७५-७६ मधील प्रयोगात मात्र सहा राज्यांतील सु. २,४०० गावांमध्ये महाराष्ट्रातील एकही नव्हते. सीमेलगतचे विजापूर व गुलबर्गा हे कर्नाटकातील जिल्हे होते.

अलीकडे अभिज्ञानाचे कार्य बव्हंशी संगणकीय गणिताने होते. त्याचे लक्षणीय उदाहरण आर्वीप्रमाणेच जुन्नर तालुक्यात असलेल्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाचे आहे. प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० आकाशकांच्या या दूरदर्शकाने १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळाच्या वातावरणात उतरणाऱ्या शियापारेली या यूरोपीय यानाचा संकेत सु. १७.५ कोटी किमी. अंतरावरून पकडला. संकेत इतका क्षीण होता की, त्यातील माहिती विलग करणे शक्य नव्हते; केवळ वाहक तरंग आणि यानाच्या वेगामुळे त्याच्या कंप्रतेत होणारा बदल टिपला गेला. अपेक्षित अवतरणापूर्वी सु. ५० सेकंद तो खंडित झाला.