टोंगापासून दिवाडीपर्यंत

श्रोतेहो, आपल्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, समुद्र नाही. आपलं पाणी म्हणजे भंडारदरा, मुळा धरण आणि आभाळाकडे लागलेले डोळे. तरीही आज आपण पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियाच्या बेटांवर जाणार आहोत. कारण त्या बेटांचा एक धागा आपल्या मराठी मुलखापर्यंत येतो.

ताहितीजवळ रायातेआ, ताहाआ, बोराबोरा ही बेटं आहेत. जगभरातले हौशी लोक तिथे आठवडा-पंधरा दिवसांसाठी शिडाची नौका भाड्यानं घेतात. नौका चालवता येत असेल तर स्वतः सुकाणू धरायचं, नाहीतर सोबत तांडेल घ्यायचा. बेटांभोवती प्रवाळाचं कडं असतं आणि त्याच्या आत शांत, उथळ पाणी. सूर्य डोक्यावर असेतो पाण्यातलं प्रवाळ दिसतं, म्हणून दुपार कलायच्या आत पुढच्या बेटाशी नांगर टाकायचा असा तिथला शिरस्ता. उपग्रहाच्या मदतीनं आपली जागा नकाशावर दिसत असते, त्यामुळे वाट चुकायची भीती कमी.

पण हे काहीच हाताशी नव्हतं, तेव्हा ही बेटं सापडली कशी? सुमारे २८०० वर्षांपूर्वी माणसं टोंगा बेटांवर पोचली. तिथून पिढ्या न् पिढ्या पुढे सरकत त्यांच्या वंशजांनी हवाई, ईस्टर बेट आणि न्यूझीलंड गाठलं. ताऱ्यांचे उदयास्त, लाटांची दिशा आणि सायंकाळी जमिनीकडे परतणारे पक्षी हीच त्यांची पोथी. १७६९ साली रायातेआचा तुपाइया हा जाणकार कॅप्टन कुकच्या जहाजावर चढला. त्यानं आसपासच्या बेटांचा नकाशा काढायला मदत केली. हजारो किलोमीटरवरच्या न्यूझीलंडमध्ये तो तिथल्या माओरी लोकांशी बोलला, आणि त्याचं बोलणं त्यांना समजलं! एका भाषेच्या दोन लेकी भेटल्या, म्हणा ना.

तरीही पुढे अनेक पंडित म्हणत राहिले, की हे लोक वाऱ्यानं भरकटत तिथे गेले असतील. दरम्यान बहुतेक बेटांवर जुनी विद्या जाणणारे संपले. मग हवाईच्या लोकांनी जुन्या पद्धतीची ‘होकुलेआ’ ही जोडनौका बांधली. १९७६ साली ती कोणत्याही उपकरणाविना सुमारे महिनाभरात ताहितीला पोचली. वाट दाखवायला मात्र मायक्रोनेशियातल्या साटावाल बेटावरून माऊ पियाइलुग यांना बोलवावं लागलं. हवाईत तसा जाणकार उरलाच नव्हता.

विद्या हातातून हातात जाते. हात थांबले की ती संपते. आता आपल्याकडे बघा.

पाचशे वर्षांपूर्वी चौल हे नगरच्या निजामशाहीचं बंदर होतं. १५०८ साली त्या बंदरात पोर्तुगीज आरमाराची इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांशी झुंज झाली. बंदर नगरच्या सत्तेचं, लढणारी आरमारं मात्र परक्यांची! दुसरं उदाहरण अलीकडचं. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशानं एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. त्याची ‘सुहैली’ ही नौका सागवानाची आणि मुंबईत बांधलेली. नौका आपल्या सुतारांची, सुकाणूवर मात्र आपला माणूस नाही.

ही खंत व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांच्या मनात होती. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत. गाव आपल्यासारखंच कोरडवाहू, समुद्रापासून लांब. भारतीयानं भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्यानं जगप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांचा. २००६ साली नौदलातले कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटांची ‘म्हादेई’ आकाराला आली. १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन अशा चार थांब्यांनंतर १९ मे २०१० ला ते परतले. यातलं लिटलटन न्यूझीलंडमधलं, म्हणजे पॉलिनेशियाच्या दक्षिण टोकाचं. आणि म्हादेईचा आराखडा डच होता, त्याचं नाव ‘टोंगा ५६’!

पुढची वाट मग रुळत गेली. याच म्हादेईतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फेरी पुरी केली. त्याच आराखड्याच्या ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जगाला वळसा घालून आल्या. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच ती नेली.

अॅडमिरल आवटी २०१८ साली गेले, पण त्याआधी दोंदे, टॉमी आणि तारिणीच्या सहा जणी परतलेल्या त्यांनी पाहिल्या. श्रोतेहो, बोराबोराची सहल आपल्यातल्या कितीजणांना परवडेल ते सोडून द्या. कोरडवाहू गावातल्या एका वृद्धानं समुद्राची मोडलेली परंपरा सांधायला घेतली आणि ती सांधली गेली. तेव्हा समुद्र आपला नाही, असं नगरच्या पोरांनी तरी का म्हणावं?