नवऱ्याची बाटली दिसते, बाईची मिसरी दिसत नाही

दरवर्षी २५ डिसेंबरला आपण मनुस्मृती दहन दिन पाळतो. भाषणे होतात, घोषणा होतात. पण बाबासाहेबांनी जाळलेल्या त्या ग्रंथात नेमके काय होते असे विचारले, तर बहुतेक कार्यकर्ते शूद्राच्या कानात शिसे ओतण्याचा दाखला देऊन थांबतात. (तो दाखला मनुस्मृतीतला नाही, गौतम धर्मसूत्रातला आहे. विरोधक आपल्याला इथेच पकडतात, म्हणून सांगून ठेवतो.) मनुस्मृतीचा नववा अध्याय उघडा. ७८वा श्लोक सांगतो की नवरा दारुडा, व्यसनी किंवा रोगी असला म्हणून जी बायको त्याचा अनादर करील, तिचे दागिने काढून घ्यावेत आणि तिला तीन महिने टाकून द्यावे. दोनच श्लोक पुढे, ८०व्यात, दारू पिणाऱ्या बायकोवर दुसरी बायको करायला नवऱ्याला खुली परवानगी आहे. नवऱ्याची दारू हे बाईने मुकाट सोसायचे दुखणे आणि बाईची दारू हा तिचा गुन्हा. व्यसनाबद्दलचा हा दुहेरी कायदा आहे आणि तो ग्रंथ जळाला तरी घराघरात तसाच चालू आहे.

आता महाड आठवा. डिसेंबर १९२७ च्या त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब जमलेल्या बायकांशी बोलले. लुगडे कसे नेसावे, अंगावर काय घालावे, मुलींना शाळेत घाला, हे सगळे आपल्याला पाठ आहे. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. ७८व्या श्लोकाचा यापेक्षा सरळ उलटा विचार मला माहीत नाही. ज्या बाईला अनादराची शिक्षा होती, तिच्या हातात बाबासाहेबांनी शिक्षेचा अधिकार दिला. पिणाऱ्याच्या पिण्याचे परिणाम घरच्यांनी झाकू नयेत, हे आजचे समुपदेशकही बायकांना सांगतात.

पण हेही मान्य केले पाहिजे की यातली बाई पिणाऱ्याची बायको किंवा आई आहे. ती स्वतः व्यसनात अडकलेली असू शकते, मार खाऊन तिचे मन मोडलेले असू शकते, हा प्रश्न पुढच्या पिढ्यांनी हाती घ्यायचा होता. तो आपण घेतला का? आपल्याकडची व्यसनमुक्तीची सभा म्हणजे समोर पुरुष आणि मागे टाळ्या वाजवणाऱ्या बायका.

आमच्या सोलापुराचा इतिहास बघा. ८ मे १९३० ला इथे शिंदीची झाडे तोडण्यावरून पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला, पुढे मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. नशेच्या झाडावरून पेटलेले हे बंड आम्ही अभिमानाने सांगतो. पण त्या काळापासून नशा म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो गिरणीतून सुटून शिंदीच्या दुकानात शिरणारा पुरुष.

बाई कुठे होती? ती घरी विड्या वळत होती. सोलापुरात हजारो बायका आजही तेच करतात. पद्मशाली, मुसलमान, आपल्या वस्त्यांतल्यासुद्धा. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायचा, मांडीवर सूप घ्यायचे, पान कापायचे, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांवर. हजार पुऱ्या व्हायच्या तर उठायला वेळ नाही, जेवायला वेळ नाही. मग भूक मारायला, डोके हलके करायला मिसरी. तंबाखू तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, कुटायचा, डबीत भरायचा. पहाटे दातांना लावायची, मग दुपारी, मग संध्याकाळी. ‘लावली नाही तर पोट साफ होत नाही, डोके जड होते’ असे कुठलीही बाई सांगेल. डॉक्टरी भाषेत ही व्यसन सुटतानाची लक्षणे आहेत. घरात मात्र त्याला दात घासणे म्हणतात. सासू सुनेला शिकवते, गरोदरपणातही कोणी थांबवत नाही.

आकडे काय सांगतात? केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत दारू घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आणि बायकांचे १.६ टक्के आहे. एवढ्यावर कोणीही म्हणेल की व्यसन हा पुरुषांचा प्रश्न. पण २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत देशातल्या १२.८ टक्के प्रौढ बायका धूर न काढणारा तंबाखू घेतात असे निघाले. बाईचे व्यसन आहे, फक्त ते बाटलीत नाही. ते मोजले जात नाही याचे कारण माझ्या मते सरळ आहे. पुरुषाच्या दारूने काम बुडते, मजुरी बुडते, मालकाला आणि घराला दोघांनाही त्रास होतो. मिसरीने काम बुडत नाही. उलट तिच्या जोरावर हजार विड्या पुऱ्या होतात. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा झाला, लढ्यातून कुंभारीला त्यांची हजारो घरे उभी राहिली, ती मोठीच गोष्ट आहे. पण त्या घरात मिसरी सोडू पाहणाऱ्या बाईने जायचे कुठे, याचे उत्तर त्या घरांच्या नकाशात नव्हते.

वैद्यकशास्त्रही यात मागेच होते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९३५ मध्ये अमेरिकेत दोन पुरुषांनी सुरू केले. त्याची पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करणे. स्वतःला सर्वशक्तिमान समजणाऱ्या मध्यमवर्गीय गोऱ्या पुरुषाला हे औषध लागू पडले असेल. १९७५ मध्ये जीन किर्कपॅट्रिक या बाईने ‘विमेन फॉर सोब्रायटी’ काढली. तिचे म्हणणे असे की बाईला आयुष्यभर तू हतबल आहेस असेच शिकवलेले असते, तिला पुन्हा हतबलता कशाला कबूल करायला लावता? तिला स्वतःची किंमत कळली पाहिजे. हे वाचताना मला बाबासाहेबच आठवतात. ज्याचा स्वाभिमान शतकानुशतके ठेचला आहे त्याला नम्रतेचा उपदेश हे औषध होऊच शकत नाही.

मनाच्या जखमेचेही तसेच. आघातानंतरचा मानसिक आजार १९८० मध्ये अमेरिकेच्या निदान-पुस्तकात आला तो मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. बलात्कार झालेल्या आणि घरात मार खाणाऱ्या बायकांना तीच जखम असते, हे ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या पुस्तकात ठासून मांडले. आपल्याकडे ही जखम दवाखान्यात पोचतच नव्हती. ती अंगात येत होती, केसांत जट होऊन बसत होती. जट आली की पोरगी यल्लम्माची. आपल्याच जातींच्या पोरी सौंदत्तीला सोडल्या गेल्या. १९३४ चा मुंबई प्रांताचा कायदा झाला, २००५ चा महाराष्ट्राचा झाला. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या बायका, मुरळ्या आणि जोगतिणींना हे लाजिरवाणे जगणे सोडा असे बजावले. सोडल्यानंतर रात्री झोप लागत नाही, कोणी अंगाला हात लावला की दचकायला होते, त्याचे काय करायचे हे सांगणारी एकही संस्था त्या काळी नव्हती.

एक जागा मात्र फार आधी होऊन गेली होती. १८६३ मध्ये पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, वाटल्यास मूल ठेवून जावे. तू असे का केलेस, हा प्रश्न नाही. आधी सुरक्षित जागा, मग बाकी सगळे. आज आघातावरच्या उपचारांची पहिली पायरी म्हणून हेच शिकवतात. तिथे आलेल्या काशीबाईचा मुलगा यशवंत पुढे डॉक्टर झाला.

त्यानंतरचा इतिहास बघितला तर अंगावर काटा येतो. गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरातही तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. १९२४ च्या कायद्याने पोरे आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत टाकण्याचा अधिकार सरकारला दिला होता. त्या आयांच्या मनाची नोंद कोणत्या दप्तरात आहे? आणि १९९४ मध्ये, स्वतंत्र भारतात, शिरूरच्या सरकारी गृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससूनमध्ये काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण. स्त्री संघटना रस्त्यावर आल्या तेव्हा ते थांबले.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात म्हणूनच काही कलमे बायकांच्या अंगाने वाचावीत. संस्थेत सक्तीने डोके भादरायचे नाही. पाळीच्या दिवसांत लागणारी साधने द्यायची. उपचार म्हणून नसबंदी करायची नाही. तीन वर्षांखालचे मूल सर्वसाधारणपणे आईपासून तोडायचे नाही. यातले प्रत्येक कलम कोणाच्या तरी अंगावरून गेले आहे.

व्यसनमुक्तीत महाराष्ट्राचे नाव म्हणजे मुक्तांगण. डॉ. सुनंदा अवचट येरवडा मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. २९ ऑगस्ट १९८६ ला तिथल्याच आवारात त्यांनी आणि अनिल अवचटांनी हे केंद्र सुरू केले. रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट निघाला. पण बायकांना दाखल करून घेणारा स्वतंत्र विभाग, ‘निशिगंध’, सुरू झाला २००९ मध्ये. एका बाईने उभ्या केलेल्या संस्थेतही मधे २३ वर्षे गेली. हा दोष त्या संस्थेचा नाही. बाईला कोणी दाखल करायला आणतच नव्हते. नवऱ्यासाठी बायको मंगळसूत्र मोडते, बायकोसाठी नवरा फारतर वकील गाठतो. मनोविकृती हे घटस्फोटाचे कारण हिंदू विवाह कायद्यातही आहेच.

आपल्यातले काही मित्र म्हणतात, जातीचा प्रश्न सुटला की हे सुटेल, वेगळे उपचार हे वरच्या वर्गातल्या बायकांचे चोचले. मी विचारतो, अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये आपण एफआयआर, कलमे, नुकसानभरपाई यांचा पाठपुरावा करतो. त्या बाईला झोप लागते का, हे किती जणांनी विचारले? कोर्टात तिची साक्ष डगमगते तेव्हा आपण म्हणतो ती फुटली. अनेकदा ती आतून आजारी असते आणि उलटतपासणी तिला त्याच रात्रीत परत नेऊन टाकते.

सोलापुरात या घडीला आपण करू शकतो ते एवढे. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस बायकांसाठी वेगळा मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग मागायचा, तिथे समुपदेशक बाईच हवी, आणि वेळ विड्या कारखान्यात जमा करून झाल्यानंतरची हवी. सकाळी नऊची वेळ ठेवली तर विडीवाली बाई येणार नाही. नवी पेठेत निवेदनाच्या प्रती काढायला पन्नास रुपये लागतील. आणि पुढच्या धम्म शिबिरात पाचवे शील समजावताना दारूच्या शेजारी मिसरीची डबीही टेबलावर ठेवा.