बिघाडाचं कूळ

पिकअपचा वायपर चालतो. पण बंद केला की खाली जाऊन बसत नाही, काचेच्या मधोमध थांबतो. हीटरचा पंखा पहिल्या तीन नंबरांवर गप्प असतो आणि चौथ्यावर एकदम जोरात सुटतो. मुरलेला ऑटो इलेक्ट्रिशियन अशी लक्षणं ऐकतो आणि बॉनेट उघडायच्या आधीच निम्मं निदान सांगून मोकळा होतो. त्याला हे जमतं, कारण या दोन्ही यंत्रणा एकदम जन्मलेल्या नाहीत. एकेक अडचण सोडवत त्यांत एकेक भाग जोडला गेला, आणि प्रत्येक भाग आपला स्वतंत्र बिघाड सोबत घेऊन आला.

वायपरचा मूळ पुरुष, किंवा खरं तर मूळ स्त्री, म्हणजे अलाबामातल्या मेरी अँडरसन. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात ट्रामचा चालक काचेवरच्या बर्फाने हैराण झालेला त्यांनी पाहिला. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना पेटंट मिळालं: आतून दांडी फिरवायची, बाहेर रबरी पट्टी काच पुसणार. यात वीज नव्हती, त्यामुळे विजेचा बिघाडही नव्हता.

पुढे हाताचं काम इंजिनाकडे गेलं. इंजिन हवा आत ओढतं तेव्हा निर्माण होणाऱ्या निर्वातावर वायपर हलू लागले. चढावर किंवा ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबला की तो निर्वात कमी होई आणि वायपर रेंगाळे. म्हणजे भर पावसात नेमक्या गरजेच्या क्षणी दगा. बॉशने १९२६ साली विजेवरचा वायपर बाजारात आणला, तरी निर्वाताचे वायपर पुढे कितीतरी वर्षं टिकले. १९६८ मध्ये लागू झालेल्या अमेरिकेच्या सुरक्षा मानक क्र. १०४ ने वायपरला किमान दोन वेग सक्तीचे केले. त्यांतला एक तरी, इंजिनावर कितीही लोड असो, मिनिटाला ४५ किंवा अधिक फेऱ्यांचा हवा होता.

वेग स्थिर झाला, पण विजेची मोटर सप्लाय तुटताच असेल तिथे थांबते, मग पट्टी चालकाच्या नजरेसमोर का असेना. म्हणून गिअरच्या चकतीवर पार्क स्विच बसवला. चालकाने बटण बंद केलं तरी हा स्विच मोटरला सप्लाय देत राहतो. पट्टी तळाशी पोचली की तो सप्लाय तोडतो आणि मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडून तिला जागच्या जागी ब्रेक लावतो. वायपर मधेच थांबत असेल, तर या स्विचचा संपर्क किंवा त्याच्याकडे येणारी तार आधी पाहायची. दुसऱ्या वेगासाठी बऱ्याच मोटरींत तिसरा कार्बन ब्रश असतो. हळू चालतो पण जोरात चालत नाही, असं असेल तर शोध त्या ब्रशपासून सुरू होतो.

थांबून थांबून चालणारा वायपर डेट्रॉइटच्या रॉबर्ट कर्न्स यांचा. त्यांनी १९६४ मध्ये अर्ज केला आणि १९६७ मध्ये पेटंट मिळवलं. डोळ्याची पापणी सतत हलत नाही, मग वायपर का हलावा, हा त्यांचा विचार. कपॅसिटर हळूहळू भरतो, ठरावीक व्होल्टेजला ट्रान्झिस्टर जागा होतो आणि पट्टी एक फेरी मारते. आपली रचना वापरल्याबद्दल त्यांनी १९७८ मध्ये फोर्डवर दावा लावला. १९९० मध्ये फोर्डने १ कोटी २ लाख डॉलर देऊन तो मिटवला. मंद आणि जलद दोन्ही वेग ठीक असून फक्त अधूनमधूनची चाल गेली, तर मोटर निर्दोष, संशय टायमरवर.

पंख्याची वंशावळ छोटी आहे. वेग कमी करायचा तर मोटरच्या वाटेत रेझिस्टर घालायचे, ही सरळ युक्ती. सर्वात वरच्या नंबरावर सप्लाय रेझिस्टरला वळसा घालून जातो, म्हणूनच ते जळाले तरी चौथा नंबर शाबूत राहतो. रेझिस्टर तापतात, त्यामुळे ते पंख्याच्याच वाऱ्यात बसवलेले असतात. पालापाचोळ्याने वाट तुंबली किंवा जड झालेली मोटर जास्त करंट ओढू लागली, तर नवा रेझिस्टरही जळतो. मोटरचा करंट न मोजता तो बदलणं म्हणजे त्याच कामाचे दोनदा पैसे.

करंट मोजण्याचं साधनही विजेवरच्या वायपरच्याच काळातलं. ब्रिटिश पोस्ट खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मकेडी यांना तीन वेगळी मीटर बाळगण्याचा कंटाळा आला. त्यातून १९२३ मध्ये अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकत्र मोजणारा ‘ॲव्हो’ आला. तरी गॅरेजमधला टेस्ट लॅम्प अजून निवृत्त झालेला नाही, आणि त्याला कारण आहे. आजचा डिजिटल मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढत नाही. त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही तो बारा व्होल्ट दाखवतो. लोड पडताच तोच जोड हात टेकतो. दिवा करंट ओढतो, म्हणून तो मंद पेटून जोडाची खरी ताकद सांगतो.

वायपर आणि पंखा एकदम बंद पडले, तर दोन्ही मोटरी एकाच दिवशी मेल्या असं समजू नये. त्यांचा सामाईक पूर्वज शोधावा. कॅडिलॅकने १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसवला, तेव्हापासून बॅटरीवरचा सर्वात मोठा भार तोच. म्हणून अनेक गाड्यांत किल्ली स्टार्टला असेपर्यंत वायपर आणि पंख्याचा सप्लाय तोडलेला असतो. किल्ली मागे आल्यावर तो संपर्क किंवा त्याचा रिले परत जुळला नाही, तर दोघेही गप्प. तिथे सगळं ठीक निघालं तर पुढचा नंबर सामाईक फ्यूज आणि अर्थिंगचा. मोटरी खोलायची पाळी त्यानंतर.