आठजणांची शर्यत



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला इतिहासावर बोला म्हटले, तेव्हा त्यांना बहुधा संपांचा इतिहास अपेक्षित असावा. मी मात्र धावण्याच्या एका शर्यतीविषयी बोलणार आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात आणि गेटसभांत झाले. कामगार संघटनेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक प्रश्न सारखा छळतो. काम सुरू करणारे पुष्कळ भेटतात, पण ते वर्षानुवर्षे चालते ते कशाने? त्याचा शोध घेता घेता मी कोशित्से या गावी पोचलो. अर्थात पुस्तकांतूनच!

कोशित्से हे स्लोव्हाकियाच्या पूर्व भागात, हंगेरीच्या सीमेजवळ आहे. आज ते पोलादाच्या कारखान्याचे मोठे शहर आहे. १९२४ साली राजधानी प्रागपासून फार दूरचे, आडबाजूचे गाव होते. त्या वर्षी पॅरिसला ऑलिम्पिक सामने झाले. ते पाहून वोय्तेख बुकोव्स्की नावाच्या क्रीडाप्रेमी गृहस्थाच्या मनात आले, की अशी मॅरेथॉन आपल्या गावी का असू नये? २८ ऑक्टोबर १९२४ रोजी, चेकोस्लोव्हाकियाच्या स्वातंत्र्यदिनी, तुर्ना या खेड्यापासून कोशित्सेपर्यंत शर्यत झाली. धावायला उभे राहिले किती? आठजण! कारोल हाला ३ तास १ मिनिट ३५ सेकंदांत पहिला आला. आज युरोपातली सर्वांत जुनी, अजून चालू असलेली मॅरेथॉन ती हीच.

आठ या आकड्याला हसू नये. आपल्याकडेही तेच घडले होते. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहताना सर दोराबजी टाटांना अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे दिसली. त्यातून १९२० साली हिंदुस्थानचा लहानसा संघ अँटवर्पच्या ऑलिम्पिकला गेला आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. तिथेही मूठभर माणसांपासूनच आरंभ झाला. फरक एवढाच, की कोशित्सेकरांनी दर वर्षी त्याच रस्त्यांवर पुन्हा माणसे उभी केली. १९३१ साली तिथे अर्जेंटिनाचा हुआन कार्लोस साबाला जिंकला. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसला तो ऑलिम्पिक विजेता झाला.

परंतु गावाचे नशीब शर्यतीसारखे सरळ नव्हते. पहिल्या महायुद्धापर्यंत ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, १९१८ नंतर चेकोस्लोव्हाकियात आले, नोव्हेंबर १९३८ मध्ये हंगेरीला दिले गेले, १९४५ साली परत आले आणि १९९३ पासून स्लोव्हाकियात आहे. म्हणजे कोशित्सेच्या म्हाताऱ्याने घर न सोडता चार झेंडे पाहिले. १९३८ आणि १९४० साली शर्यत झाली नाही. इतर वर्षी, सत्ता बदललेली असतानाही, ती झाली.

इथे मी थोडा थांबतो. १९४४ च्या वसंतात याच गावच्या हजारो ज्यूंना वीटभट्टीच्या आवारात कोंडले आणि तिथून ऑश्वित्झला पाठवले. हंगेरीतून निघालेल्या मृत्यूच्या गाड्याही याच स्टेशनवरून गेल्या. म्हणून नुसते टिकून राहणे म्हणजे पुण्य, असे मी म्हणणार नाही. संस्था टिकते आणि शेजारी नाहीसा होतो, असेही घडते. त्याची आठवण ठेवणे हेही संस्थेचेच काम आहे.

युद्धानंतर शर्यतीला ‘शांती मॅरेथॉन’ हे नाव मिळाले. नाव मोठे, पण ऑगस्ट १९६८ मध्ये गावात परकी रणगाडे शिरले आणि नागरिक मारले गेले, ते काही या नावाने थांबले नाही. तरीही दूरदूरची माणसे तिथे येत राहिली. रोमला अनवाणी धावून सुवर्णपदक मिळवणारा इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६१ साली कोशित्सेला जिंकला. गावात धावपटूचा पुतळा आहे, त्याखाली विजेत्यांची नावे कोरलेली आहेत. स्त्रियांना मात्र त्यात जागा मिळायला १९८० साल उजाडले. छप्पन्न वर्षे लागली! आमच्या संघटनांच्या कार्यकारिणीतल्या बायका मोजाव्यात, म्हणजे परक्यांना हसण्याचा मोह होणार नाही.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. मी चिटणीस असलेल्या एका संघटनेने एके वर्षी वार्षिक सभाच घेतली नाही. ‘पुढच्या वर्षी दणक्यात घेऊ,’ असे मीच म्हणालो होतो. पुढच्या वर्षी निम्मीही वर्गणी जमली नाही. लोक रागावले नव्हते. त्यांची सवय मोडली होती. तो दोष सर्वस्वी माझा.

कोशित्सेचा खंड सैन्यांमुळे पडला, माझा आळसाने. त्यांनी १९४५ साली, युद्ध संपले त्याच वर्षी, पुन्हा शर्यत घेतली. पुतळ्याखाली विजेत्यांची नावे आहेत. पण रस्ता आखणारे, पाण्याचे पेले धरणारे, घड्याळ लावून अखेरच्या धावपटूची वाट पाहणारे, यांची नावे कोरायला कुठला दगड पुरणार? दरसाल ठरलेल्या दिवशी ते हजर राहिले, म्हणूनच विजेता होण्याजोगे काही उरले.

आठच माणसे आली तरी सभा घ्यावी. मी आता घेतो.