उपग्रह-प्रतिमा : महाराष्ट्रातील कांदळवनांच्या इतिहासाचे एक साधन

प्रस्तावना : कोकणातील खाड्यांच्या काठी तिवर, कांदळ, चिपी इत्यादी वनस्पतींची जी वने आढळतात, त्यांना कांदळवने म्हणतात. चिखल व भरती-ओहोटी यांमुळे त्यांची प्रत्यक्ष मोजणी दुष्कर असते. त्यामुळे उपग्रह-प्रतिमा हे त्यांच्या अलीकडील इतिहासाचे प्रमुख साधन ठरले आहे. प्रस्तुत निबंधात या साधनाची चिकित्सा केली आहे.

विवेचन : भारतीय वन सर्वेक्षणाच्या १९८७ च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवनांचे क्षेत्र १४० चौ. कि.मी. होते. २०१५ मध्ये ते २२२, तर २०१७ मध्ये ३०४ चौ. कि.मी. नोंदले गेले. प्रारंभीची मोजणी १:१०,००,००० या प्रमाणावर झाली होती. तीत खाडीकाठचे अरुंद पट्टे सुटणे स्वाभाविक होते. पुढे १:५०,००० हे प्रमाण स्वीकारले गेले. त्यानंतरचीही प्रत्येक वाढ नव्या लागवडीची मानता येत नाही. रोपाचे छत उपग्रहास दिसण्याइतके दाट होण्यास काही वर्षे लागतात. म्हणजे २०१७ मध्ये मोजलेले बरेचसे वन त्यापूर्वीच रुजलेले असणार. आकडा बदलला की वन बदलले की पाहण्याची रीत बदलली, हे अभ्यासकाने प्रथम ठरविले पाहिजे.

शिवाय क्षेत्र म्हणजे आरोग्य नव्हे. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषते व निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या फरकावरून वनस्पती-निर्देशांक काढला जातो. परंतु पाणी अवरक्त किरण शोषून घेते. साहजिकच भरतीच्या वेळी घेतलेल्या प्रतिमेत सशक्त वनही क्षीण भासू शकते. म्हणून प्रतिमेच्या तारखेइतकीच भरतीची वेळही महत्त्वाची ठरते.

या चिकित्सेस व्यावहारिक महत्त्व आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी कांदळवनांच्या तोडीस मनाई करून उपग्रह-प्रतिमांच्या आधारे त्यांचे नकाशे तयार करण्याचा आदेश दिला. २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात नष्ट झालेल्या कांदळवनांच्या पुनरुज्जीवनाची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली. परंतु एखाद्या भूखंडावर पूर्वी वन होते हे दाखविण्यास जुनी प्रतिमाच बहुधा उपयोगी पडते.

निष्कर्ष : उपग्रह-प्रतिमा ही बखरीप्रमाणेच तपासून घेण्याची वस्तू आहे. तिचे प्रमाण, काळ व वाचनपद्धती नोंदविल्याशिवाय दिलेला आकडा वनाचा इतिहास सांगत नाही. आणि अशा आकड्याच्या भरवशावर राहिल्यास वनांचा ऱ्हास नजरेआड होण्याचा संभव असतो.